सहा जणांचं जेवण, आणि रांधणाराही पानावर: नवशिक्यांसाठी पहिली पायरी ते शेवटची

रोजचा आपल्यापुरता स्वयंपाक जमायला लागला की चार माणसांना घरी जेवायला बोलवावंसं वाटतं. बरेच नवशिके इथेच अडखळतात. पदार्थ बिघडतात असं नाही, पण सगळे जेवत असताना रांधणारा गॅससमोर उभा राहतो. पाहुणे 'तूही बस ना' म्हणत राहतात, तो 'आलोच' म्हणत राहतो, आणि तो येऊन बसतो तेव्हा बाकीच्यांचे हात वाळलेले असतात. अन्न कितीही चविष्ट असलं तरी असं जेवण मला अर्धवटच वाटतं. म्हणून पुढे जे सांगितलंय ते सगळं एका हिशेबाने: सहा जणांचा साधा स्वयंपाक असा करायचा की वाढून झालं की तुम्हीही त्यांच्याबरोबर जेवायला बसाल.

आधी विचारून घ्या

बोलावतानाच विचारा, आणि नेमकं विचारा. 'तुला सगळं चालतं ना?' याला बहुतेक जण भिडेपोटी 'हो' म्हणतात. त्यापेक्षा 'काय खात नाहीस? कशाची ॲलर्जी आहे का?' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, तीळ, मासे, कोळंबी यांची ॲलर्जी जास्त आढळते. 'आवडत नाही' आणि 'चालत नाही' यांतला फरक समजून घ्या. ज्याला वांगं आवडत नाही तो ते बाजूला काढून ठेवेल. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याला मात्र कूट लागलेला चमचा दुसऱ्या भाजीत बुडाला तरी त्रास होऊ शकतो. असं कुणी येणार असेल तर तो जिन्नस त्या दिवशी स्वयंपाकघरात काढूच नका. वेगळा पदार्थ करण्यापेक्षा हे सोपं, आणि त्या माणसाला वेगळं पाडल्यासारखंही वाटत नाही.

लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर सगळाच स्वयंपाक बेताचा तिखट करा आणि तिखट वेगळं वाढा. पदार्थात घातलेलं तिखट काढता येत नाही.

येण्याची वेळ सांगताना जेवायला बसण्याची वेळही सांगा. 'साडेसातला ये, आठला बसू' एवढं सांगितलं की तुमचं अर्धं नियोजन होतं.

बेत ठरवताना

चार पदार्थ पुरे. पहिल्या खेपेला सातआठ करण्याचा मोह होतो, तो आवरा. बेत ठरवताना प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारा: हा ऐनवेळी माझ्याकडे किती लक्ष मागणार? उत्तर 'बरंच' असेल असा पदार्थ एकच घ्यायचा. तळण तर नकोच. तळलेलं गरमच चांगलं लागतं, आणि गरम वाढायचं म्हणजे कुणीतरी कढईपाशी उभं राहणं आलं.

नमुन्यादाखल असा बेत धरू: मसुराची पातळ डाळ, बटाटा-फरसबीची सुकी भाजी, भात, आणि काकडी-गाजराचं सॅलड. शेवटी कापलेली फळं. डाळ दोन तास आधी होऊन बसते आणि गरम केल्यावर तितकीच चांगली लागते. सॅलडला गॅस लागत नाही. भात एकदा झाकला की त्याला हात लावायचा नसतो. लक्ष मागणारी उरते फक्त भाजी. तुमच्याकडचे जिन्नस वेगळे असतील, पण ही वाटणी तशीच ठेवा.

पाहुण्यांसाठी आयुष्यात प्रथमच एखादा पदार्थ करायला घेऊ नका. आधी घरच्यांसाठी एकदा तरी झालेला असावा.

मसुराऐवजी राजमा करायचा असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. चारपाच दाणे नीट न शिजता पोटात गेले तरी उलट्या होऊ शकतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, आणि ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळल्यावरच पुढचं शिजवणं सुरू करा. नुसत्या मंद आचेवर तासन् तास ठेवून भागत नाही, कारण अर्धवट तापल्याने हा विषारीपणा वाढतो.

किती लागेल

माणशी कच्चा तांदूळ ७५ ग्रॅम धरला की पोटभर होतो. सहा जणांना ४५० ग्रॅम, म्हणजे २५० मिलिलिटरच्या कपाने साधारण सव्वादोन कप. शिजल्यावर तो जवळजवळ तिप्पट फुगतो, म्हणून पातेलं मोठं घ्या. डाळ भाताबरोबर असेल तर माणशी ५० ग्रॅम पुरते. भाजी साफ करून, चिरून माणशी १५० ग्रॅम; सालं-देठं जमेला धरून किलोभर आणा.

आता खरी मेख. दोघांची कृती सहा जणांसाठी करायची म्हणजे सगळं सरसकट तिप्पट करायचं नसतं. भाज्या, डाळ, तांदूळ तिप्पट. मीठही साधारण त्याच प्रमाणात, पण आधी थोडं कमी घालून शेवटी चव घेऊन पुरं करायचं. तिखट दुपटीपासून सुरू करा. पाणी तिप्पट करू नका: वाफेने किती पाणी उडतं हे भांड्याच्या तोंडावर आणि आचेवर ठरतं, आत किती ऐवज आहे यावर फारसं नाही. वेळही तिप्पट होत नाही. उकळी यायला जास्त लागतो, उकळी आल्यावर डाळ तेवढ्याच वेळात शिजते.

मिठाचा एक आधार सांगते, कारण नव्या माणसाला 'चवीपुरतं' या शब्दाचा काहीच उपयोग नसतो. एक लिटर पातळ पदार्थाला ८ ते १० ग्रॅम मीठ बहुतेकांना बरोबर वाटतं. पाच मिलिलिटरच्या सपाट चमच्यात बारीक मीठ जवळजवळ ६ ग्रॅम मावतं. म्हणजे लिटरला एक चमचा घाला, चव घ्या, मग लागेल तसं दीड चमच्यापर्यंत जा.

घड्याळ उलटं मोजा

कागद घ्या आणि वर लिहा: 'आठला बसायचं.' तिथून मागे मागे या.

७:५० – सगळं टेबलावर किंवा जिथे बसणार तिथे मांडणं
७:४० – डाळ पुन्हा गरम करायला ठेवणं, सॅलडला मीठ-लिंबू
७:१५ – भात गॅसवर
७:०० – भाजी फोडणीला टाकणं
६:३० – अर्धा तास मोकळा
५:३० – डाळ शिजायला, तोवर कांदा परतणं
४:४५ – सगळं धुणं, सोलणं, सॅलड सोडून बाकीचं चिरणं

साडेसहाचा तो मोकळा अर्धा तास काटू नका. चिरणं लांबतं, कुणाचा फोन येतो, एखादा लवकर टपकतो; तो सगळा हिशेब इथे मिटतो. आणि काही अडचण आली नाहीच, तर अंघोळ करून कपडे बदला. घामेजल्या अंगाने दार उघडण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

सामान आदल्या दिवशी आणा. भांडीही आदल्या दिवशीच मोजा: वाढायला डाव किती, सहा ताटं आहेत का, भाताला पुरेसं मोठं पातेलं आहे का.

चिरणं

चॉपिंग बोर्डखाली ओलं फडकं घाला, म्हणजे तो सरकत नाही. सुरी धारदार हवी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. धरणाऱ्या हाताची बोटं आत दुमडा, पेरांच्या आधाराने सुरी चालवा. मांस-मच्छी असेल तर तिचा बोर्ड आणि सुरी वेगळी, आणि कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. उडणाऱ्या पाण्याबरोबर जंतू सिंकभर पसरतात. ते शिजवण्यानेच मरतात.

कांदा: इथे थांबा आणि बघा

स्वयंपाकातलं एकच काम नीट शिकायचं असेल तर मी कांदा परतणं सांगेन. हे जमलं की पुढचे पन्नास पदार्थ सोपे होतात.

जाड बुडाचं भांडं, मध्यम आच, तेल. तेल तापलं का हे बघायला कांद्याचा एक तुकडा टाका. लगेच बारीक बुडबुडे येऊन चुरचुर ऐकू आली की बाकीचा टाका. तुकडा गप्प बसला तर थांबा. सगळा कांदा पडला की आवाज एकदम मोठा होतो, वाफ येते, नाकाला झोंबणारा वास सुटतो. चिमूटभर मीठ आत्ताच घाला, त्याने कांद्याचं पाणी लवकर सुटतं. पहिली पाचसहा मिनिटं कांदा परतला जातोय असं वाटतं, पण खरं तर तो स्वतःच्या पाण्यात शिजत असतो. कडा काचेसारख्या होतात, तिखट वास मावळतो.

इथून पुढे आवाजाकडे कान द्या. ओलसर खळखळ हळूहळू कमी होते आणि जागी कोरडी, बारीक तडतड येते. म्हणजे पाणी संपलं. पाणी आहे तोवर भांड्यातली उष्णता १०० अंश सेल्सियसच्या फारशी वर जात नाही, आणि पदार्थाला तांबूसपणा व खमंगपणा भरभर येतो तो १४० अंशांच्या आसपास. या बदलाचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये मांडला. पावाची कड, भाजलेलं मांस, परतलेला कांदा, सगळ्यांचा खमंग वास त्यातलाच. म्हणून घाई करून आच मोठी केली तर कांदा कडेने करपतो आणि मधे कच्चा राहतो. मोठ्या भांड्यात चारपाच कांदे तांबूस व्हायला १५-२० मिनिटं लागतात, 'पाच मिनिटांत गुलाबी' लिहिलेल्या कृतीवर विश्वास ठेवू नका. तळाला चिकटायला लागला तर चमचाभर पाणी टाका आणि खरवडा; तो तपकिरी थर म्हणजे चव आहे, तो कांद्यात मिसळू द्या.

लसूण यानंतर. तो पातळ असतो, पाणी कमी, अर्ध्या मिनिटात करपतो आणि करपला की कडू होतो. मग टोमॅटो. डाळीत टोमॅटो, लिंबू, चिंच असं आंबट घालायचं असेल तर डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घाला. आंबटपणामुळे दाणे मऊ व्हायला फार वेळ लागतो. सालं काढलेली मसूर डाळ उघड्या पातेल्यात १५-२० मिनिटांत शिजते, भिजवावीही लागत नाही. एक भाग डाळीला साडेतीन भाग पाण्याने सुरुवात करा आणि पातळपणा शेवटी उकळत्या पाण्याने जुळवा.

बटाटा-फरसबीलाही कांद्याचाच नियम. भाजी कढईत दाटीवाटीने भरली तर सुटलेली वाफ अडकते आणि भाजी परतण्याऐवजी उकडते. सहा जणांची भाजी दोन कढयांत करा, किंवा एकाच कढईत दोन हप्त्यांत.

भात

तांदूळ दोनतीन पाण्यांनी धुवा. एका कपाला पाणी दीड ते दोन कप, तांदळाच्या जातीप्रमाणे. सव्वादोन कप एकदम करताना कपाला दीड कपाच्या आसपासच राहा. मोठी उकळी, मग आच अगदी बारीक, घट्ट झाकण, १२ ते १५ मिनिटं. गॅस बंद. आणि आता १० मिनिटं झाकण उघडायचं नाही. या वेळात तळाची ओल वरपर्यंत सारखी पसरते आणि शितं मोकळी होतात. जाड पातेल्यात झाकलेला भात अर्धा तास सहज गरम राहतो, म्हणून पाहुणे थोडे उशिरा आले तरी बिघडत नाही. तुमचं गाव खूप उंचावर असेल तर वेळ वाढवा: दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं.

चव घेणं

स्वयंपाक चालू असताना निदान तीनदा चव घ्या, दर वेळी स्वच्छ चमच्याने. घास निवू द्या. फार गरम असताना जिभेला मिठाचा अंदाज येत नाही. डाळ भाताबरोबर खायची असेल तर भाताच्या चार शितांबरोबरच चाखा. नुसती डाळ बरोबर वाटली तर भाताबरोबर ती हमखास आळणी लागते.

काहीतरी कमी आहे पण काय ते कळत नाही, असं झालं की आधी चिमूटभर मीठ घाला, ढवळा, चाखा. तरीही फिकं वाटलं तर लिंबाचे चार थेंब. दहातल्या आठ वेळा या दोहोंतच उत्तर असतं.

मीठ जास्त झालं तर बटाटा टाकून ते काढता येतं असं अजूनही सगळीकडे सांगतात. बटाटा खारं पाणी शोषतो, पण उरलेलं पाणी तेवढंच खारट राहतं. खरा उपाय ऐवज वाढवण्याचा: बिनमिठाची शिजलेली डाळ, उकळलेलं पाणी, आणखी भाजी. म्हणून मूठभर डाळ वेगळी, बिनमिठाची शिजवून ठेवायची सवय मला फार चांगली वाटते. तिखट जास्त झालं तर दूध, दही किंवा साय. मिरचीचा जळजळीत अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. तळ करपला तर ढवळू नका, खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता.

गॅसपाशी

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतायचं नाही. गॅस बंद करा, धातूचं झाकण सरकवत वर ठेवा, आणि निवेपर्यंत उघडू नका, हलवू नका. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको. यातलं काही झालं तर जेवण थांबलं तरी चालेल.

'काही मदत करू?'

पाहुणे आले की हा प्रश्न येणारच. आपण सवयीने 'नको नको, तुम्ही बसा' म्हणतो. मी म्हणते, काम द्या. खरंखुरं काम द्या, दाखवायला नको. गाजर किसायला, पेल्यांत पाणी भरायला, लिंबं कापायला, मुलांची ताटं मांडायला. हाताला काम मिळालं की नवखा माणूसही दहा मिनिटांत घरचा होतो. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ज्या गप्पा होतात त्या सोफ्यावर होत नाहीत. याची तयारी आधीच करा: दोनतीन सोपी, आचेपासून लांबची कामं मुद्दाम शिल्लक ठेवा. सॅलड कापून न ठेवण्याचं हेही एक कारण.

वाढताना सगळी भांडी मधोमध ठेवा, प्रत्येकात डाव घाला, पाण्याचा जग हाताशी ठेवा. पहिलं वाढणं तुम्ही करा, पुढचं ज्याचं त्याला घेऊ द्या. मग गॅसचं बटण बंद आहे ना बघून बसा. काही राहिलं असं वाटलं तर स्वतःला विचारा, त्याच्यावाचून अडलंय का? लोणचं आत राहिलं तर राहू द्या. आग्रह एकदा करावा, दुसऱ्यांदा 'नको' म्हटलं की डाव खाली.

जेवताना 'आज भाजी जरा बिघडलीच' असं सांगत बसू नका. समोरच्याला तुमचं समाधान करत जेवावं लागतं.

उरलेलं

जेवणं झाल्यावर गप्पा रंगतात आणि पातेली तशीच राहतात. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू भराभर वाढतात, म्हणून फ्रिज ५ अंशांच्या खाली असावा. मोठं पातेलं तसंच आत सारलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. पसरट, कमी खोलीच्या डब्यांत काढा.

भाताची जास्त काळजी घ्या. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफाळेपर्यंत गरम करून संपवायचा. डाळ-भाजी तीन दिवस चालते.

जाणाऱ्यांना डबा भरून द्यायचा असेल तर डाळ आणि भाजी द्या, आणि घरी पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. तासापेक्षा लांबचा प्रवास असेल तर त्यांच्या हातात फळं ठेवा.